कौन्सिलरविरुद्ध तक्रार करून पाहिली: पाचपैकी अडीच तारे

आजवर मी मिक्सर, एअर फ्रायर, भारतात पैसे पाठवायची अ‍ॅप्स यांचे रिव्ह्यू लिहिले. या वेळी जे वापरून पाहिलं ते फुकट आहे, दुकानात मिळत नाही, आणि असं काही असतं हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं. इंग्लंडमध्ये कौन्सिलवर, म्हणजे आपल्या ग्रामपंचायत-नगरपालिकेसारख्या स्थानिक संस्थेवर, निवडून आलेला माणूस नीट वागला नाही तर त्याच्याविरुद्ध तक्रार करायची सोय. एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ असे अकरा महिने मी ती वापरली. गावाचं, कौन्सिलचं, माणसाचं नाव लिहिणार नाही. गाव छोटं आहे, आणि त्या गृहस्थांचे टोमॅटो माझ्या मेथीच्या बांधाला लागून आहेत.

आधी काय घडलं ते. मी हॉस्पिटलच्या रक्ततपासणी लॅबमध्ये काम करते. कौन्सिलकडून वर्षाच्या भाड्याने भाजी लावायला जमिनीचा तुकडा मिळतो, त्याला अलॉटमेंट म्हणतात. माझा नंबर सहा वर्षांनी लागला. माझ्या मागे यादीत असलेली शेजारीण अजून थांबलीच आहे. फेब्रुवारीत तिच्या लक्षात आलं की एक रिकामा झालेला प्लॉट यादीत बऱ्याच खाली असलेल्या एका बाईंना मिळाला, आणि त्या बाई अलॉटमेंट समितीच्या अध्यक्षांची मुलगी निघाल्या. शेजारीण भिडस्त. म्हणून मार्चच्या सभेत मी गेले. टाउन कौन्सिलच्या सभेत सुरुवातीला लोकांच्या प्रश्नांसाठी पंधरा मिनिटं असतात, माणशी तीन. मी एवढंच विचारलं की यादीतला क्रम कोणत्या नियमाने बदलला.

अध्यक्ष महाशय म्हणाले, "रांग पाळायची आमच्याकडे पद्धत आहे, डिअर. तुमच्याकडे कसं चालतं ते तुम्हालाच ठाऊक. बसा आता."

तीन-चार जण हसले. मी बसले. बसले याचाच मला नंतर जास्त राग आला.

सभा संपल्यावर कार पार्कमध्ये ते माझ्या गाडीपाशी आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "प्लॉटचा करार दर वर्षी नवा करावा लागतो, लक्षात असू द्या."

माझे बाबा पंचायत समितीत विस्तार अधिकारी होते. सगळी नोकरी त्यांनी एका वाक्यावर काढली: पोच घेतल्याशिवाय कागद हातातून सोडायचा नाही. त्या रात्री घरी येऊन मी आधी सगळं लिहून काढलं, वेळेसकट. लॅबमध्ये लेबल नसलेला नमुना आम्ही तपासतच नाही, तसंच हे. हा रिव्ह्यू वाचून कोणी तक्रार करणार असेल तर हीच पहिली गोष्ट करा. त्याच रात्री लिहिलेलं आणि दोन महिन्यांनी आठवलेलं यात काय फरक पडतो ते मला पुढे समजलं.

पहिली चूक मी केली ती म्हणजे टाउन कौन्सिलच्या क्लार्ककडे गेले. क्लार्क म्हणजे तिथली एकमेव पूर्णवेळ कर्मचारी, गोड बाई. तिने चहा दिला आणि सांगितलं की हे आमच्या हातात नाही. मला वाटलं टाळते आहे. पण ती बरोबर होती. इंग्लंडमध्ये टाउन किंवा पॅरिश कौन्सिलला, म्हणजे गावपातळीवरच्या सगळ्यात छोट्या कौन्सिलला, आपल्याच सदस्याच्या वागणुकीचा निवाडा करता येत नाही. लोकलिझम अ‍ॅक्ट २०११ प्रमाणे ते काम वरच्या कौन्सिलचं, म्हणजे डिस्ट्रिक्टचं किंवा आमच्यासारखी एकच मोठी कौन्सिल असेल तर तिचं. लेडबरी नावाच्या गावच्या टाउन कौन्सिलने आपल्या एका सदस्यावर स्वतःच्या अंतर्गत तक्रार पद्धतीने निर्बंध घातले, तर २०१८ मध्ये हायकोर्टाने ते रद्द केले. तेव्हापासून क्लार्क मंडळी या बाबतीत हात लावायला घाबरतात, आणि ते योग्यच आहे.

तर तक्रार जाते मॉनिटरिंग ऑफिसरकडे. हे पद १९८९ च्या कायद्याने आलेलं. प्रत्येक मोठ्या कौन्सिलमध्ये एक असतो, बहुधा वकील. कौन्सिल कायद्याबाहेर जात नाही ना हे पाहणं त्याचं मूळ काम. त्या सगळ्यात पॅरिश कौन्सिलांमधली भांडणंही त्याच्याच टेबलावर येतात. आमच्या मोठ्या कौन्सिलखाली कित्येक पॅरिशेस आहेत, आणि या ऑफिसरच्या हाताखाली आचारसंहितेचं काम बघणारी माणसं दोन. हे मला फोनवर कळलं, अधिकृतपणे नव्हे.

फॉर्मला मी चांगले मार्क देते. आठ पानी आहे, पण भाषा सोपी. आचारसंहितेतलं कोणतं कलम मोडलं असं तुम्हाला वाटतं, असं विचारतात. ते भरताना जरा शाळेची परीक्षा वाटते, पण त्याने एक फायदा होतो, राग आपोआप गाळला जातो. मी पहिल्या मसुद्यात 'उर्मट', 'सरंजामी' वगैरे शब्द घातले होते. नवरा म्हणाला, "विशेषणं काढ, वाक्यं ठेव." काढली. दोन पानं कमी झाली. शेवटी विचारतात, तुम्हाला काय व्हायला हवं आहे? आणि तिथेच खाली जाड अक्षरांत लिहिलेलं: कौन्सिलरला पदावरून काढण्याचा किंवा निलंबित करण्याचा अधिकार आम्हाला नाही. घेण्याआधीच मालातला दोष सांगणारा दुकानदार मी पहिल्यांदा पाहिला. या प्रामाणिकपणाचा अर्धा तारा.

आणखी एक ओळ होती: तुमचं नाव संबंधित सदस्याला कळवलं जाईल. नाव गुप्त ठेवायची विनंती करता येते, पण त्याला भक्कम कारण लागतं. मी विनंती केली नाही. भर सभेत उभं राहून प्रश्न विचारणारी गावात एकच मराठी बाई, गुप्त काय ठेवणार? नवऱ्याला मात्र वेगळीच काळजी. "आता अलॉटमेंटवर पाणी घालायला मी एकटा जाणार नाही," असं त्याने जाहीर केलं.

तीन दिवसांत पोच आली. बाबा असते तर खूश झाले असते.

मग नऊ आठवडे काही नाही. त्यांच्याच नियमात लिहिलंय की पहिली छाननी वीस कामाच्या दिवसांत व्हावी. मी दोनदा ईमेल केली, एकदा फोन. मध्ये सार्वत्रिक निवडणूक जाहीर झाली आणि तेवढं निमित्त पुरलं. इथे अर्धा तारा कापला. रक्ताचा नमुना नऊ आठवडे ठेवला तर त्यातून काय निघतं ते मी सांगायला नको.

छाननी म्हणजे चाळणी आहे. तो माणूस तेव्हा सदस्य होता का, सदस्य म्हणूनच वागत होता का, जे सांगितलं ते खरं धरलं तर आचारसंहिता मोडते का, आणि पुढे जाण्यात लोकांचं हित आहे का. बहुतेक तक्रारी इथेच थांबतात, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच थांबायलाही हव्यात. त्या ऑफिसातल्या बाईंनी फोनवर एक वाक्य ऐकवलं की निम्मा वेळ एकमेकांवर तक्रारी करणाऱ्या कौन्सिलरांमध्येच जातो. २०२१ च्या फेब्रुवारीत हँडफोर्थ पॅरिश कौन्सिलच्या झूम सभेचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला असेल. जॅकी वीव्हर नावाच्या बाईंनी एकेकाला सभेबाहेर काढलं तो. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही तो आठवडाभर फिरला. सभा डिसेंबर २०२० ची. त्यावरच्या तक्रारींचा निकाल लागेपर्यंत लोक त्या व्हिडिओवर हसून हसून विसरलेही होते.

माझ्या तक्रारीतली सगळ्यात रंजक गाठ होती ती कार पार्कची. आचारसंहिता लागू होते ती माणूस कौन्सिलर म्हणून वागत असतानाच. घरी, पबमध्ये, लग्नात तो वाटेल ते बोलू शकतो. हे मला आधी हास्यास्पद वाटलं. मग वाचलं की केन लिव्हिंगस्टन लंडनचे मेयर असताना एका पार्टीतून बाहेर पडताना एका वार्ताहराला जे बोलले, त्याबद्दल २००६ मध्ये त्यांना चार आठवडे निलंबित करायचं ठरलं होतं. त्याच वर्षी हायकोर्टाने ते फिरवलं, कारण ते तेव्हा मेयरच्या कामावर नव्हते. मग माझे गृहस्थ कार पार्कमध्ये, सभा संपून दहा मिनिटांनी, कोण होते? शेजारचा टोमॅटोवाला की अलॉटमेंट समितीचा अध्यक्ष?

याचं उत्तर पुढे तपासनीसाने फार सुंदर दिलं. त्याने लिहिलं की कराराचं नूतनीकरण हा विषय शेजाऱ्याच्या हातातला नाही, अध्यक्षाच्या हातातला आहे. जी गोष्ट फक्त पदामुळेच करता येते तिचा उल्लेख करून बोललात म्हणजे पद अंगावर घालूनच बोललात. मी हे वाक्य दोनदा वाचलं. पण लगेच पुढच्या परिच्छेदात: साक्षीदार नाही, एकीचं म्हणणं आणि एकाचा इन्कार, त्यामुळे सिद्ध झालं असं म्हणता येत नाही. वाईट वाटलं, पण यात मला त्याची चूक दिसत नाही. माझ्या जागी दुसरा कोणी असता आणि मी तपासनीस असते तर मीही तेच लिहिलं असतं.

सभेतलं वाक्य मात्र सिद्ध झालं, आणि तेही माझ्यामुळे नाही. इतिवृत्तात तर इतकंच आलं होतं की एका नागरिकाने वेटिंग लिस्टबद्दल प्रश्न विचारला व अध्यक्षांनी उत्तर दिलं. इतिवृत्त लिहिणाऱ्यांची ही कला जगात सगळीकडे सारखी असावी. पण मागच्या रांगेत एक आजोबा बसतात, त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ते प्रत्येक सभा फोनवर रेकॉर्ड करतात आणि घरी मोठ्या आवाजात ऐकतात. २०१४ पासून इंग्लंडमधल्या कौन्सिलच्या खुल्या सभांचं रेकॉर्डिंग करायला कायद्यानेच मुभा आहे, कोणाची परवानगी लागत नाही. आजोबांनी फाइल दिली. त्यात 'डिअर' स्पष्ट ऐकू येतं, आणि ते हसणंही.

आता मुलीला मिळालेल्या प्लॉटचा मुद्दा. मला वाटत होतं हाच सगळ्यात भक्कम. तोच पहिल्या फटक्यात गेला. कायद्यात आर्थिक हितसंबंध जाहीर करायची सक्ती आहे, आणि ती मोडली तर तो थेट गुन्हा आहे, पोलिसांचं काम, दोषी ठरल्यास दंड आणि पाच वर्षांपर्यंत अपात्रता. पण हितसंबंध कोणाचे? स्वतःचे आणि नवरा, बायको किंवा जोडीदाराचे. सज्ञान मुलगी त्यात येत नाही! भाऊ नाही, आई नाही, जावई नाही. आपल्याकडच्या कोणालाही विचारा, माणूस पदाचा फायदा आधी कोणाला देतो? बायकोला की पोरांना? हा नियम करणाऱ्यांचं कुटुंब फारच आटोपशीर असावं.

नातेवाईक आणि जवळच्या माणसांचे हितसंबंध जाहीर करायला लावणारी जास्त कडक आचारसंहिता आहे. लोकल गव्हर्नमेंट असोसिएशन या कौन्सिलांच्या संघटनेने डिसेंबर २०२० मध्ये नमुना म्हणून तयार केली. पण ती घ्यायची की नाही हे ज्या त्या कौन्सिलने ठरवायचं. आमच्या टाउन कौन्सिलने २०१२ चीच जुनी, दीड पानाची चालू ठेवली होती. म्हणजे खेळाडूंनीच ठरवायचं की आपल्याला कोणते नियम लागू. तुमच्या गावच्या कौन्सिलच्या वेबसाइटवर आज जाऊन बघा, आचारसंहितेवर साल कोणतं आहे. तक्रार करायची असो वा नसो.

या सेवेत मला मनापासून आवडलेली गोष्ट म्हणजे माणसं. तपास बाहेरच्या एका निवृत्त सॉलिसिटरकडे दिला होता. तो घरी आला, दोन तास बसला, पोहे खाल्ले (मिरची बाजूला काढून), आणि मला पहिल्यांदाच कोणीतरी विचारलं, "तुम्हाला ते वाक्य वंशभेदी वाटलं का?" मी चटकन हो म्हणणार होते. मग म्हटलं, वाक्य वंशभेदी होतं की नाही हे मला सांगता येत नाही. पण तोच प्रश्न शेजारच्या मार्गारेटने विचारला असता तर तिच्या गावची पद्धत काढली नसती. त्याने ते तसंच उतरवून घेतलं आणि वाचून दाखवलं. समोरच्यांनी बचावात अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणलं होतं. राजकारणात बोलणाऱ्याला मानवी हक्कांच्या कायद्याखाली जास्त मोकळीक मिळते, हे खरंच आहे, वेल्समधल्या हीसम नावाच्या कौन्सिलरच्या २०१४ च्या खटल्यात कोर्टाने ते सविस्तर मांडलंय. अहवालात त्याचं उत्तर दोन ओळींत: माझ्या प्रश्नावर कितीही कडक टीका चालली असती, पण प्रश्न विचारणारी कुठून आली यावरचा शेरा हे वेटिंग लिस्टबद्दलचं मत नव्हे.

दुसरी व्यक्ती म्हणजे इंडिपेंडंट पर्सन. हे पदाचंच नाव आहे, आणि मराठीत त्याला काय म्हणावं मला सुचत नाही. त्रयस्थ म्हणूया. प्रत्येक मोठ्या कौन्सिलला निदान एक तरी नेमावाच लागतो, तो कौन्सिलर किंवा कर्मचारी नसावा, गेल्या पाच वर्षांतही नसावा, त्यांचा नातेवाईक किंवा जवळचा मित्रही नसावा. (इथे बघा, नातेवाईक कोण ते सगळे मोजलेत! भाऊ, आजोबा, नातू, सगळे.) तपास झाल्यावर निर्णय देण्याआधी त्याचं मत घेणं बंधनकारक. आमच्या या त्रयस्थ बाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या आणि सुनावणीत त्यांनी विचारलेले दोन प्रश्न बाकी सगळ्यांच्या वीस प्रश्नांपेक्षा धारदार होते. पण एक खोट आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला या त्रयस्थाशी बोलून मत विचारायचा हक्क कायद्याने दिलाय. तक्रार करणाऱ्याला नाही. मी विचारलं, का? फोनवरच्या बाई म्हणाल्या, "चांगला प्रश्न आहे." इंग्लंडमध्ये या उत्तराचा अर्थ काय होतो ते सगळ्यांना माहीत आहे.

मधल्या काळात, तपास सुरू व्हायच्या आधी, सामोपचाराचा एक प्रयत्न झाला. त्यांनी एका ओळीची दिलगिरी द्यावी, प्रकरण मिटवू. मी तयार होते. ते नव्हते. त्यांनी उलट कळवलं की माफी मीच मागायला हवी, कारण मी त्यांच्या मुलीला यात ओढलं. तेव्हा तपास झाला. तो कौन्सिलला किती पौंडांना पडला याचा आकडा मला मिळाला नाही, पण एका ओळीपेक्षा नक्कीच महाग पडला असेल.

सुनावणी जानेवारीत झाली. मोठ्या कौन्सिलचे तीन कौन्सिलर समोर, बाजूला मॉनिटरिंग ऑफिसर, त्रयस्थ बाई, आणि मी साक्षीदार. कौन्सिलरचा न्याय कौन्सिलरांनीच करायचा. मी याच भीतीने गेले होते, पण तिघंही नीट वाचून आले होते. रेकॉर्डिंग लावलं. खोलीत ते हसणं पुन्हा ऐकू आलं, या वेळी कोणी हसलं नाही. माझी वीस मिनिटं झाली. मला पाणी विचारलं, दोनदा. निकाल त्याच दिवशी: सभेतल्या बोलण्याने आदराने वागायचं कलम मोडलं. शिफारशी तीन. लेखी माफी, वागणुकीचं प्रशिक्षण, आणि अलॉटमेंट समितीवरून त्यांना काढण्याचा टाउन कौन्सिलने विचार करावा.

शिफारशी, हा शब्द नीट वाचा. मोठी कौन्सिल दोषी ठरवते, पण शिक्षा द्यायची का हे टाउन कौन्सिल ठरवते. म्हणजे प्रकरण फिरून त्याच खोलीत, त्याच टेबलाभोवती.

हे आधी असं नव्हतं. लोकल गव्हर्नमेंट अ‍ॅक्ट २००० ने स्टँडर्ड्स बोर्ड फॉर इंग्लंड नावाची वेगळी संस्था केली होती. तेव्हा स्थानिक समितीला सहा महिन्यांपर्यंत निलंबित करता यायचं, आणि वरच्या न्यायाधिकरणाला तर पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवता यायचं. त्या व्यवस्थेवर तक्रार अशी की फडतूस भांडणं राष्ट्रीय पातळीवर जातात, वेळ आणि पैसा वाया जातो. ते चूक नव्हतं. पण २०१२ मध्ये संस्थेबरोबर दातही काढून टाकले. २०१९ च्या जानेवारीत कमिटी ऑन स्टँडर्ड्स इन पब्लिक लाइफने (सार्वजनिक पदांवरच्या माणसांच्या वागणुकीबद्दल सरकारला सल्ला देणारी समिती) सांगितलं की सहा महिन्यांपर्यंत निलंबनाचा अधिकार परत द्या. तेव्हाच्या सरकारने २०२२ मध्ये नाही म्हटलं. डिसेंबर २०२४ मध्ये नव्या सरकारने याच प्रश्नावर लोकांची मतं मागवली, शेवटची तारीख २६ फेब्रुवारी. मी नाइट शिफ्टवरून येऊन त्याच दिवशी सकाळी माझं मत भरलं, डोळे मिटत असताना.

नणंद कार्डिफला असते. तिला हे सांगितलं तर तिचा विश्वासच बसेना. वेल्समध्ये अशी तक्रार लोकपालाकडे जाते, आणि गंभीर असेल तर न्यायाधिकरण वर्षभरापर्यंत निलंबित करू शकतं, पाच वर्षांपर्यंत अपात्रही. स्कॉटलंडमध्येही वेगळा कमिशनर तपास करतो आणि वेगळा आयोग सुनावणी घेतो. आमच्यापासून दोन तासांवर पूल ओलांडून वेल्समध्ये शिरलं की माणसाचं पद जाऊ शकतं, इकडे माफीपत्र. बरं, इंग्लंडमध्ये पद जातच नाही असंही नाही. १९७२ च्या कायद्यात आहे की सदस्य सलग सहा महिने एकाही सभेला आला नाही, आणि कौन्सिलने त्याचं कारण मंजूर केलं नसेल, तर त्याची जागा आपोआप जाते. आमचे गृहस्थ नियमित येतात. घरी बसले असते तर लवकर सुटका झाली असती.

मार्चमध्ये टाउन कौन्सिलपुढे विषय आला. माफी आणि प्रशिक्षण मान्य. समितीवरून काढायचा ठराव पाच विरुद्ध चार मतांनी पडला. नवी आचारसंहिता घ्यायचं मात्र एकमताने ठरलं, मुलगी-जावई सगळे धरून. तेवढं मिळालं. प्लॉट मुलीकडेच आहे, पण क्लार्कने वेटिंग लिस्ट आता नंबर आणि तारखेसकट फळ्यावर लावायला सुरुवात केलीय. शेजारीण दुसऱ्या नंबरवर.

माफीपत्र टपालाने आलं, कौन्सिलच्या लेटरहेडवर नाही, साध्या कागदावर. माझ्या बोलण्याने कोणाला वाईट वाटलं असल्यास, असं सुरू होतं. 'असल्यास' ह्या शब्दात ज्या माणसाने माफी मागायची आणि ज्याने स्वीकारायची, दोघेही अडकून बसतात. ऑफिसला विचारलं, अशी माफी चालते का? ते म्हणाले, शिफारशीत मजकूर ठरवून दिलेला नव्हता. लोकपालाकडे जायचा विचार केला. पण इंग्लंडमधला लोकपाल टाउन कौन्सिलच्या कारभारात पडत नाही, मोठ्या कौन्सिलने तक्रार कशी हाताळली एवढंच पाहतो, आणि तिथे माझी तक्रार नऊ आठवड्यांपलीकडे फारशी नव्हती. सोडून दिलं.

तर अडीच तारे कसे: माणसांचे दोन, फॉर्मच्या खरेपणाचा अर्धा, कागद तीन दिवसांत पोचल्याचा अर्धा, आणि त्या नऊ आठवड्यांचा अर्धा वजा. शिक्षेचा शून्य.

मे २०२५ मध्ये टाउन कौन्सिलची निवडणूक होती. दहा जागा, अर्ज नऊ. मतदान झालंच नाही, नऊच्या नऊ बिनविरोध, आमचे गृहस्थही. इंग्लंडमधल्या छोट्या कौन्सिलांमध्ये हे सर्रास होतं. उरलेली एक जागा कौन्सिल स्वतः माणूस निवडून भरू शकते, तशी नोटीस लायब्ररीच्या फळ्यावर लागली. वाचून कळलं की कॉमनवेल्थ देशाचा नागरिक आणि इथे कायम राहायची परवानगी असली की पुरे, ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही. बाकी अट म्हणजे वर्षभर गावात वास्तव्य किंवा मतदार यादीत नाव, असंच काही. फॉर्म दोन पानी आहे, तक्रारीच्या फॉर्मपेक्षा सहा पानांनी लहान.

मी तो भरून क्लार्ककडे दिला. तिने चहाचं विचारलं, मग शिक्का शोधत म्हणाली, "तुम्हाला पोच लागेल ना?"